आयचा डावा हात

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते. जाग आली ती हाताला हात लागून. माझा उजवा हात पोटावरून पलीकडं घसरला आणि चादरीखाली कुणाचा तरी हात लागला. गार. जड. बोटं थोडी आत वळलेली, तळवा दमट. घरात मी एकटीच. सून समीक्षा भाजी आणायला खाली गेलेली, दाराला बाहेरून कुलूप. दुसरी कुणी बाई असती तर किंचाळून सोसायटी गोळा केली असती. ओरडायचं मला वावडं नाही, उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर ओरडण्यात गेला. पण तेव्हा तोंडातून ब्र निघाला नाही. मी तो हात चाचपला. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा, मग बोटांची पेरं, मग मनगट. पन्नासाच्या वर वर्षं झाली असतील, पण असा हात माणूस विसरत नाही. मी घाबरले नाही याचं मला अजून नवल वाटतं. तो हात धरून मी पडून राहिले. वरून विमान गेलं, खिडकीची काच थरथरली, पुन्हा शांत झालं. "आय," मी हळूच म्हणाले, "कवा आलीस गो?"

समीक्षा परत आली तेव्हा मी तिला सांगितलं, आवाज करू नकोस, आय झोपलीय. तिच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. बिचारी. तिनं प्रितमला, म्हणजे माझ्या मुलाला, कामावर फोन लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात रडली. तिला वाटलं, सासूबाईंचं आता डोकंही गेलं. डोकं कुठं जातंय! डोक्यात उजव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती, गणपतीच्या आधी, आणि डावं अंग लुळं पडलं होतं, एवढंच. बोलता येत होतं, पाढे येत होते, भाजीवाल्यानं कशात फसवलं ते बरोबर कळत होतं. फक्त डावीकडं जग लवकर संपायचं. ताटातली डावीकडची भाजी मला दिसायचीच नाही आणि मी समीक्षावर खेकसायचे, भाजी वाढायची राहिली म्हणून. ती मुकाट्यानं ताट फिरवायची, की भाजी हजर. असले चमत्कार रोज जेवताना बघणाऱ्या बाईला चादरीत एक हात सापडला, तर त्यात एवढं रडण्यासारखं काय?

त्या दिवशी भाविका जरा लवकरच आली. भाविका म्हणजे फिजिओथेरपीवाली. इथल्या जवळच्या रोडपालीची पोर, स्कूटीवरून येते, हेल्मेट आमच्या फ्रिजवर ठेवते आणि मला काकू म्हणते. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, "मालिशवाली ना गं तू?" तर म्हणाली, "नाही काकू, मी शिकवते. तुमच्यासारखीच. फक्त माझा वर्ग तुमच्या अंगात भरतो." तेव्हापासून ती मला आवडते, पण शिकवणाऱ्या माणसाला तसं दाखवायचं नसतं. तर तिला समीक्षानं दारातच सगळं सांगितलं. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली, डावीकडून तो हात उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. "काकू, हा हात कुणाचा?"

"माझ्या आयचा."

समीक्षानं तोंडावर हात ठेवला. भाविका हसली नाही. "बरं," ती म्हणाली. "मग तुमचा कुठाय?"

आता आली का पंचाईत. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी मांडीवर बघितलं, खुर्चीच्या हातावर बघितलं. "असेल इथंच कुठंतरी," मी म्हणाले, आणि अंगावर सरसरून काटा आला. तोही उजव्याच अंगावर. भाविकानं तो हात पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला, अगदी जपून, जणू खरंच दुसऱ्या कुणाचा असावा. "काकू, हात आहे तिथंच आहे. त्याच्याकडून डोक्याला निरोप यायचा बंद झालाय. निरोप नाही, म्हणून डोकं म्हणतं, हा आपला नाहीच. होतं असं. माझा एक पेशंट म्हणायचा, हा नर्सचा हात आहे, ती विसरून गेलीय." मग ती जरा पुढं झुकली. "पण तुम्ही त्याच्याकडं बघितलं नाही, त्याला कामाला लावलं नाही, तर तो आखडत जाईल. मूठ मिटून बसेल. मग ती उघडणं फार अवघड." मी विचारलं, आणि लावलं तर? "तर हळूहळू येईल. आधी धरणं येईल. सोडणं मागून येतं, ते वेगळं शिकावं लागतं. पण त्याआधी तुम्ही त्याला माझा म्हणायला शिका." मला सगळं कळत होतं. मी मास्तरीण आहे, मला मेंदूचं चित्र काढून त्याचे भाग दाखवता येतील. पण कळलं म्हणून मांडीवरचा तो हात माझा होईना. आणि मी त्याला माझा म्हटलं तर आय कुठं जाईल, हे भाविकाला कसं विचारणार?

आय गेली तेव्हा मी तिसरीत होते. आमचं घर खाडीच्या काठी, आणि आय मिठागरात कामाला. सोनाबाई म्हटलं की सगळं आगर ओळखायचं. आता त्या आगरावर विमानतळाचा भराव पडलाय. आमची जमीन त्याआधीच कधीची गेली होती, तिच्या बदल्यात सरकारकडून साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या प्लॉटवर कामोठ्यात ही बिल्डिंग झाली. गॅलरीत उभं राहिलं की जिथून विमान वर चढतं, साधारण तिथंच आय लांब दांड्याची लाकडी फळी घेऊन मीठ ओढायची. दिवसभर ओढून ओढून बायकांची बोटं त्या दांड्याच्या मापात गोठून जायची. काम सुटलं की फळी खाली पडायची, पण मूठ तशीच. मग बांधावर बायका समोरासमोर बसत आणि एकमेकींचे हात उघडत. बोटांना हात लावायचा नाही. बोटं ओढली तर आणखी चिवटपणे मिटतात. मनगट धरून हळूच आतल्या बाजूला वाकवायचं, की बोटं आपोआप सैल पडतात. भामा आत्या आयचे हात उघडायची, आय भामा आत्याचे, आणि दोघींची थट्टामस्करी चालू असायची. मला वाटायचं, सगळ्याच आयांचे हात संध्याकाळी उघडून द्यावे लागतात. घरी दिवा मालवला की मला भीती वाटायची, खाडीच्या पाण्याचा आवाज थेट उशीखाली यायचा. मी आयचा हात दाबायचे. ती उलट दाबायची. बोलायची नाही, दमलेली असायची, पण दाबायची जरूर. त्याचा अर्थ, हाय मी. मग मी झोपायचे.

एका उधाणाच्या भरतीला आगराचा बांध फुटला. सगळं गाव तो बुजवायला चिखल घेऊन धावलं, आयही धावली, आणि पाय सरकला तो सरकलाच. दुसऱ्या दिवशी खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडली. मला चेहरा दाखवला नाही. अंगणात पांढऱ्या चादरीखाली काहीतरी लांबट होतं, आणि बायका मला पुढं जाऊ देत नव्हत्या. मी एवढा आकांत मांडला की शेवटी भामा आत्यानं चादरीखालून आयचा डावा हात बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. "धर गो बाय. आयचा हात धर." हात गार होता, जड होता, आणि हिरव्या बांगड्या नव्या कोऱ्या होत्या, आय सवाष्ण गेली म्हणून भरलेल्या. डावाच का, हे मी विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी भामा आत्या भाकऱ्या थापता थापता सहज म्हणाली, "उजवा दाखवायसारका नव्हता गो. तिवरांत खेकडे असतात." पण ते पुढचं. त्या दिवशी मी हात दाबला. काही नाही. मला वाटलं तिला कळलं नसेल, म्हणून जोरात दाबला. वाट बघितली. पुन्हा दाबला. मसण खाडीच्या काठी, भरती चढायच्या आत न्यायला हवं होतं, पुरुष घाई करत होते. भामा आत्या म्हणाली, "सोड गो बाय, पानी भरतंय." मी कशाला सोडतेय? मग तिनं माझं मनगट धरलं, आतल्या बाजूला वाकवलं, आणि माझी बोटं माझ्या मनाविरुद्ध उघडली. हात चादरीखाली गेला. तिनं उलट दाबावं, एवढीच तर मी वाट बघत होते.

आता तो हात माझ्या चादरीखाली होता, आणि मला घाई करणारं कुणी नव्हतं. मी रोज दुपारी दाबायचे. उत्तर नाही. पण हात आलाय म्हटल्यावर उत्तरही येईलच, असं मी धरून चालले होते. त्यामुळं झालं काय, भाविकाचा आणि माझा स्वार्थ एका ठिकाणी आला. तिला हात हलवायचा होता माझ्यासाठी, मला आयसाठी. मी व्यायामाला अशी भिडले की ती खूश. पायाचं तर आमचं भांडण लवकर मिटलं, कारण पाय माझा होता यात मला कधी शंका नव्हती, मी त्याला घसघशीत शिव्याच द्यायचे. भाविका म्हणायची, "काकू, आधी टाच टेकवा, मग पंजा." आणि माझा पाय सपाटच पडायचा. तिला वाटायचं पंजा लोंबतोय. मी तिला सांगितलं, बाई गं, आगराची जमीन पायानं तुडवून घट्ट करायची असते, लहानपणी टाच टेकवली की पाठीत धपाटा बसायचा, टाचेनं खड्डा पडतो, मीठ मातेरं होतं. ती पोर मोठ्यानं हसली. मग म्हणाली, "बरं, मग समजा आपण आगरात नाही, बांधावर आहोत. बांधावर टाच चालते ना?" चालते. तर अशी मी बांधावरून चालत चालत बेडरूममधून हॉलपर्यंत आले, काठी टेकत, आणि समीक्षानं शिरा केला. खांदा मात्र फार छळायचा. लोंबत्या हाताच्या ओझ्यानं सांधा खाली उतरला होता, रात्रंदिवस ठणका. भाविका उशी कशी ठेवायची, हात कसा उचलायचा, झोळी कधी घालायची, सगळं दाखवायची, आणि ठणका खरंच बसायचा. गंमत बघा. दुखणं माझं होतं. खांद्यापर्यंत मी होते. कोपराच्या खाली कुठंतरी आय सुरू व्हायची, नेमकी कुठं ते मी कितीदा चाचपून बघितलं, पण ती हद्द मला सापडली नाही.

रोज निघताना भाविका विचारायची, हा हात कुणाचा. मी म्हणायचे, आयचा. "काकू, नुसतं म्हणा तरी, माझा." मी कशी म्हणेन? खोटं उत्तर लिहून मार्क मिळवणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलंय. मग एके दिवशी ती आरसा घेऊन आली. चौकटीचा साधाच आरसा, टेबलावर माझ्या दोन हातांच्या मधोमध उभा केला, असा की डावा हात आरशाच्या मागं लपला आणि उजव्याचं प्रतिबिंब बरोबर डाव्याच्या जागी पडलं. "आरशात बघा आणि दोन्ही हात उघडा-मिटा करा. एक करेल, दुसरा नाही करणार. पण डोकं फसतं, आणि फसता फसता शिकतं." मी बघितलं. माझ्या डावीकडं एक जिवंत हात होता. बोटं उघडत होती, मिटत होती. पेरापेरात ताकद होती. एवढ्या वर्षांत मी तो हात हलताना बघितला नव्हता. आणि मग एक गोष्ट अशी खटकली की मी डोळेच मिटून घेतले. मनगट भुंडं होतं.

"समीक्षा," मी हाक मारली, "हिरव्या बांगड्या आण मला. काचेच्या. आणि उजव्या हातात भर." समीक्षा भाविकाकडं बघायला लागली. तिचंही चुकत नव्हतं. प्रितमचे वडील, सुभाष, जाऊन किती वर्षं झाली. त्यानंतर माझ्या हातात एकही बांगडी नव्हती, आणि आमच्यात विधवा बाईनं हिरवा चुडा भरला तर बिल्डिंगीतल्या बायका जिन्यात थांबून बोलतील. "अहो आई, पण..." तिचं वाक्य पुढं सरेना. "माझ्यासाठी नाय गो," मी म्हणाले. चिडले की माझी शाळा सुटते आणि गाव तोंडात येतं. "आयसाठी. आय सवाष्ण गेलीय, तिचा हात भुंडा नाय बघवत मला." भाविकाच म्हणाली, "घाला की वहिनी. काय होतंय? बांगड्यांच्या आवाजानं उलट लक्ष लागेल त्यांचं." दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या हातात हिरवा चुडा होता, आणि आरशात तो आयच्या डाव्या हातात होता. मी हात हलवला की आय हात हलवायची. मी बोट उचललं की तीही उचलायची. काकणं मात्र उजवीकडं वाजायची आणि हात डावीकडं दिसायचा, त्यामुळं मला सारखं मागं वळून बघावंसं वाटायचं, की आवाज कुणाचा. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका दुपारी मी दमून हात थांबवला. उजवा हात टेबलावर गप्प पडला होता. आणि काकणांची किणकिण झाली, एकदाच, डावीकडून. समीक्षाला विचारलं, तू काही वाजवलंस? ती म्हणाली, मी तर भांडी घासतेय, आई. भांड्यांचाच आवाज असेल, मी नाही म्हणत नाही.

आरशातला हात जिवंत आणि आरशामागचा गार, हे मला सहन होईना. मला लहानपणापासून एकच वाटायचं, की त्या दिवशी कुणी आयचा हात शेकला असता तर. एवढा गार होता, कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? एका दुपारी समीक्षा आंघोळीला गेली तेव्हा मी काठी टेकत ओट्यापाशी गेले. तिनं चहाला ठेवलेलं आधण उकळत होतं. मी तो हात उचलून पातेल्याच्या अंगाला लावून धरला. "शेक गो," मी म्हणाले, "शेक." मला काहीच लागत नव्हतं, बरं वाटत होतं, खूप दिवसांनी कुणाची सेवा केल्यासारखं. मग वास आला. समीक्षा ओल्या केसांनी धावत आली आणि तिनं मला मागं ओढलं, तिच्या किंकाळीनं शेजारचे आले. हाताच्या मागच्या बाजूला टरारून फोड आला होता. भाविका संध्याकाळी आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "काकू, मी तुम्हाला कितीदा सांगितलं, ह्या हाताला गरम काही लावायचं नाही! त्याला कळत नाही!" ती मला रागवत होती आणि मी ऐकून घेत होते, कारण मी आयला भाजलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

फोडाला पट्टी बांधली, आणि त्याच आठवड्यात हात मिटायला लागला. भाविका म्हणाली, चांगलंय, जोर येतोय, पण ताठरपणाही येतोय, आता जपायला हवं. सकाळी मूठ अशी घट्ट असायची की नखं तळव्यात रुतायची. समीक्षा एकेक बोट ओढून उघडायला बघायची, जमायचं नाही. भाविकानं तिला बाजूला केलं. "बोटांना हात नाही लावायचा वहिनी. हे बघा." आणि तिनं मनगट धरून हळूच आतल्या बाजूला वाकवलं. बोटं आपोआप सैल पडली. मी बघतच राहिले. मला अंगणातलं ऊन दिसलं, चादर दिसली, माझी स्वतःची बोटं उघडताना दिसली. "तुला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं. माझा आवाज असा निघाला असावा की ती दचकली. "कॉलेजात, काकू. का?" मी म्हटलं, काही नाही. पण त्या दिवसापासून तिनं मनगट धरलं की मी नकळत दुसरीकडं बघायचे. तिचा हात तेव्हा भामा आत्याच्या हातासारखा दिसायचा.

ती दुपार सांगते आता. समीक्षा खाली इस्त्रीचे कपडे आणायला गेली होती, दार नुसतं लोटलेलं. मी टेबलापाशी बसले होते, आरसा बाजूला सरकवलेला. दोन्ही हात समोर होते, हिरव्या बांगड्यांचा आणि पट्टीचा. मी नेहमीसारखा उजवा हात त्या हातात दिला आणि दाबला. सवयीनंच, आशा धरायची मी त्या दिवसांत जरा कमी केली होती. आणि त्यानं उलट दाबलं.

मी हलले नाही. बाहेर कुणाची तरी गाडी मागं घेताना पी पी वाजत होती. मी पुन्हा दाबलं, अगदी हलकं. त्यानं दाबलं, जोरात. बोटामागून बोट येऊन माझ्या मनगटाभोवती बसलं. "आय?" मी म्हणाले. आनंद व्हायला हवा होता ना? आयुष्यभर जिची वाट बघितली ती हीच गोष्ट. पण मला भीती वाटली, लहानपणी वाटायची तशी. आणि ती घालवायला ज्या हाताला दाबायचं, तोच तर हात होता. पकड वाढत चालली. मी उजवा हात ओढला, तो सुटेना. जेवढा ओढावा तेवढी बोटं आवळत होती. बांगड्या हाडावर रुतल्या. "आय, बास. आय, सोड." एक बांगडी कट्‌कन वाढली, मग दुसरी. काचा टेबलावर सांडल्या, आणि एक तुकडा त्या तळव्यात घुसला. रक्ताचा ओघळ आला तो मी बघितला. आणि मग ते आलं. कुठून तरी फार लांबून, खांदा, कोपर, मनगट असं उतरत आलं, आणि तळव्यात येऊन भडकलं.

"आय गं!" मी ओरडले.

ओरडले, आणि तशीच गप्प झाले. कळ माझी होती. मेलेल्या हाताला काच बोचत नाही. तळवा ठणकत होता, पट्टीखालची भाजलेली कातडी एवढ्या दिवसांनी चरचरत होती, आणि ते सगळं माझं होतं, एकेक बोट माझं होतं. ती हद्द शोधत होते ना मी? ती बोटांच्या टोकांच्याही पलीकडं निघून गेली होती, आणि अलीकडं आय कुठंच नव्हती. मी हुंदके देत होते, आणि ती मूठ मात्र अजून मिटलेलीच. दुखतंय तशी आणखी आवळतेय, काच आणखी आत जातेय. आणि उजवा हात अडकलेला, उघडणार कशानं? मग मी उठून उभी राहिले, पोटानं टेबलाला रेटा दिला, डाव्या हाताची मागची बाजू टेबलाच्या कडेवर टेकवली आणि अंगाचा भार टाकला. फोडावर कड बसली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. मनगट हळूहळू आतल्या बाजूला वाकलं. तोंडातून शब्द आले ते मी ठरवून बोलले नाही. "सोड गो बाय," मी म्हणत होते, "सोड. पानी भरतंय." बोटं एकेक करून सैल पडली.

समीक्षा कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत आली तेव्हा मी खुर्चीत बसून तळव्यातली काच काढत होते. टेबलावर हिरव्या काचा आणि रक्त. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मी म्हटलं, "घाबरू नकोस. बांगड्या वाढल्या. डेटॉल आण, आणि जपून लाव, चरचरतं." ती डेटॉल आणायला गेली, अर्ध्यावरून परत फिरली. "काय म्हणालात आई? चरचरतं?"

संध्याकाळी भाविका आली. हेल्मेट फ्रिजवर ठेवायचं विसरली, तसंच मांडीवर घेऊन बसली. समीक्षानं फोनवर सांगितलं होतं. तिनं मला डोळे मिटायला लावले आणि पेनाच्या टोपणानं बोटाबोटाला स्पर्श करत विचारत गेली, इथं? इथं? मी बरोबर सांगत गेले. शेवटी तिनं खुर्ची पुढं ओढली, हात उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. "काकू, हा हात कुणाचा?"

मी त्या हाताकडं बघितलं. सुजलेला, भाजलेला, कापलेला, साठी उलटलेल्या बाईचा हात. आय गेली तेव्हा तिशीचीही नव्हती. हे मला आधी कसं दिसलं नाही?

"माझा," मी म्हणाले.

भाविकानं हेल्मेटवरच थाप मारली. समीक्षा रडली, प्रितमला फोन लावून पुन्हा रडली. मीही रडले, आणि सगळ्यांना वाटलं, आनंदानं. मग भाविकानं डोळे पुसले, आपली दोन बोटं माझ्या तळव्यात ठेवली आणि म्हणाली, "चला, दाबा बघू." मी दाबली. आणि सवयीनं थांबून राहिले, पलीकडून काही येतंय का बघत.

"व्हेरी गुड," भाविका म्हणाली. "आता सोडा."

मला जरा वेळ लागला.